किल्ल्याखालची भाषा

पप्पा,

सोमवारी मी पुन्हा कामावर गेले. तुम्हाला मातीत ठेवून तेव्हा बारा दिवस झाले होते. शारजाहून सकाळी सातला निघणारी टूरची बस, एकवीस माणसं आणि माझ्या हातात तोच माइक. मागून तिसऱ्या सीटवर एक वयस्क जोडपं होतं, लिस्बनहून आलेलं. डोंगरातला पहिला बोगदा लागला, बसमध्ये अंधारलं आणि तेवढ्यात त्या बाईने नवऱ्याला काहीतरी सांगितलं. एकच वाक्य. मी दचकून मागे वळले. मला वाटलं, तुम्ही मागे बसून रेजिना आतेला फोन लावलाय.

त्यांची भाषा ती तुमची भाषा नव्हे, हे मला कळतं. त्यांची पोर्तुगीज पुस्तकातली, देशाच्या राजधानीतली. तुमची कोर्लईच्या किल्ल्याखाली, मासळीच्या खळ्यांत आणि विहिरीवर वाढलेली, मराठीत भिजलेली. पण चाल तीच होती, पप्पा. वाक्य संपताना आवाज असा खाली बसतो ना, तो तसाच.

किनाऱ्यावरच्या त्या पडक्या किल्ल्याजवळ मी नेहमीचं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सगळे फोटो काढायला पांगल्यावर त्या बाईजवळ गेले आणि इंग्रजीत म्हणाले, ‘प्लीज, तुमच्या भाषेत काहीतरी बोला.’

‘काय बोलू?’

‘काहीही.’

ती गोंधळली. मग नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि त्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं. त्याने पिशवीतून टोपी काढून घातली. बहुतेक ऊन फार आहे, असं म्हणाली असेल. मी ‘थँक यू’ म्हणून बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरने विचारलं, ‘मॅडम, तबियत ठीक है?’ मी म्हटलं, ठीक है.

हे मी मराठीत लिहितेय. आपल्या घराची भाषा मराठी. आई अलिबागची, आणि लग्नानंतर तुम्ही तिच्याशी मराठीच धरली. माझ्याशीही तीच, मी कितीही इंग्रजीतून उत्तरं दिली तरी. तुमची खरी भाषा मला फक्त दाराआडून ऐकू यायची, शुक्रवारी, आतेचा फोन आला की. तुम्ही बाल्कनीत जायचात आणि दार ओढून घ्यायचात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमच्या बोलण्यात ‘मार, मार’ यायचं आणि मला वाटायचं, तिकडे कुणाला तरी मारताहेत. घाबरून आईला विचारलं तर ती हसली. ‘अगं, समुद्राला म्हणतात ते. मला तरी तेवढे चारच शब्द येतात.’

मग मी तुमच्या मागे लागले, मला शिकवा. तुम्ही म्हणालात, ‘काय करणार शिकून? एका गावाची भाषा ती. गावाबाहेर पडलं की खलास. त्यापेक्षा अरबी नीट शीक, नोकरी लागेल.’

मी म्हटलं, ‘फाइन.’ आणि टीव्ही लावला. पुन्हा विचारलं नाही.

अरबी शिकले, नोकरीही लागली. तुम्ही खोरफक्कानच्या बंदरात टगबोटीवर. चार दिवस तिकडे, दोन दिवस शारजाला. आणि मी त्याच किनाऱ्यावर प्रवाशांना इतिहास सांगणारी. तुम्हाला याचं केवढं कौतुक! टगवरच्या पोरांना म्हणे तुम्ही सांगायचात, ‘मेरी बेटी को इस दर्या का पूरा हिस्ट्री मालूम है.’ म्हणूनच तर त्या शनिवारी तुम्ही सुट्टी असूनही पहाटे उठलात, इस्त्रीचा शर्ट घातलात आणि माझ्या बसमध्ये शेवटच्या सीटवर येऊन बसलात. डब्यात बोंबलाची चटणी आणि पोळ्या. मी डोळ्यांनी दटावलं की बसमध्ये डबा उघडायचा नाही.

किल्ल्यापाशी मी माझं बोलणं सुरू केलं. पश्चिमेकडून पोर्तुगीजांची जहाजं कशी आली. मिऱ्यांच्या, दालचिनीच्या वाटेवर हक्क सांगायला बंदरामागून बंदर कसं घेतलं. या समुद्रात पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्या अरब आणि गुजराती नाखव्यांना स्वतःच्याच पाण्यात परवाना घेऊन जायची पाळी कशी आली. परवाना नसलेलं गलबत सापडलं की लुटायचं नाहीतर जाळायचं. आणि खोरफक्कान जाळलं तेव्हा पकडलेल्या माणसांची नाकं आणि कान कसे कापले. हे त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. इथे प्रवासी नेहमी कॅमेरे खाली करतात. मग मी भिंतीवर हात ठेवून शेवटचं वाक्य टाकते: ‘एवढं करून ते गेले, आणि मागे काही सोडलं नाही. ही एवढी भिंत सोडली.’

त्या दिवशीही टाळ्या पडल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. भिंतीचा एक दगड चाचपून बघत होतात.

तुमची गाडी त्या आठवड्यात बंदरावरच होती; बस पुढे पाठवून परतताना आपण तिने आलो. डोंगर संपल्यावर तुम्ही आरसा नीट केलात. मग म्हणालात, ‘चांगलं बोलतेस. पण शेवटचं ते खोटं आहे.’

‘काय खोटं?’

‘काही सोडलं नाही म्हणालीस.’

‘मग काय सोडलं? दाखवा.’

‘मी बसलोय ना तुझ्या बाजूला.’

मी हसले. मला आधी खरंच गंमत वाटली. पण तुमचा चेहरा हसरा नव्हता.

‘आमच्या कोर्लईचा किल्लेदार गेला,’ तुम्ही म्हणालात, ‘पाद्री गेला, तोफा तिथेच टाकून जहाजं गेली. शिपाई आणि त्यांच्या बायका त्याच डोंगराखाली राहिल्या. त्यांना न्यायला कोण आलं? कुणी नाही. बायका तर इथल्याच होत्या, आपल्याच. त्यांना काय मिऱ्या पाहिजे होत्या?’

‘पप्पा, म्हणून काय त्यांनी केलं ते माफ? तुम्ही त्यांची बाजू घेताय?’

‘बाजू नाही घेत गं. नाक-कान कापले ते सांग. सांगायलाच पाहिजे. पण पुढचंही सांग.’

तिथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी इंग्रजीत म्हणाले, आणि इंग्रजीत म्हटलं की मला वाटायचं ते तुम्हाला कमी लागतं. मी म्हणाले, ‘दॅट्स अ स्लेव्ह्ज लँग्वेज, पप्पा. मालक निघून गेला आणि तुम्ही लोक त्याचा पट्टा गळ्यात घालून बसलात. वर त्याचा अभिमान.’

तुम्ही गिअर बदललात. समोर शारजाचा ट्रॅफिक सुरू झाला होता, लाल दिव्यांची ती रांग. ब्रेक लावून तुम्ही मराठीत म्हणालात, ‘माझी आई कुणाची मालक नव्हती आणि कुणाची गुलामही नव्हती. ती मासे सुकवायची. त्याच भाषेत मला झोपवायची.’

पुढचा पाऊण तास आपण गाडीत होतो. तुम्ही एसी माझ्याकडे वळवलात. मी मोबाइल बघत होते. मोबाइलमध्ये काही नव्हतं.

भांडण म्हणावं तर आपण त्यानंतर भांडलोच नाही, पप्पा. तुम्ही बंदरावरून नेहमीसारखे फोन करायचात. आज आलेलं जहाज आपल्या गल्लीपेक्षा लांब होतं, वर कंटेनरची बारा मजली बिल्डिंग, आणि ‘आमची बोट बघ, त्याच्यापुढे कोळंबी, पण ओढतो आम्हीच.’ एकदा मात्र, त्या शनिवारनंतर दोनेक महिन्यांनी, बोलता बोलता तुम्ही थांबलात आणि म्हणालात, ‘रोझी, त्या दिवशी गाडीत तू म्हणालीस ना...’ तेवढ्यात मागे वॉकी-टॉकी खरखरला, कुणीतरी घाई करत ‘यल्ला, यल्ला’ ओरडलं. ‘घरी आलो की बोलतो,’ म्हणून तुम्ही फोन ठेवलात. घरी आलात, जेवलात, झोपलात. मी विचारू शकले असते. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरंच आहे.

मग एका सकाळी टगवर तुम्ही दोर सोडायला सांगताय, असं सगळ्यांना वाटलं. पण तुम्ही काय म्हणताय ते कुणालाच कळेना. इजिप्तच्या इंजिनिअरला वाटलं, मस्करी करताहेत. मग तुम्ही खाली बसलात.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव आहे. उजवा हात गेला होता. जीभ चालत होती, पण डॉक्टरांच्या कपाळावर आठी होती. ‘हे मराठी आहे का?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही. ‘मग कोणती भाषा?’ मी सांगितलं. ‘तुम्हाला येते?’

नाही, असं मी एका डॉक्टरला सांगितलं, मग दुसऱ्याला, मग फिजिओथेरपीच्या मुलीला. प्रत्येक वेळी ते तुमच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेलं आधी जातं. इंग्रजी गेली, हिंदी गेली, अरबी गेली. मराठीचे एखाददुसरे शब्द उरले होते, तिसऱ्या दिवशी तेही गेले. आई तुमच्या पायाशी बसून ‘अहो, अहो’ म्हणत राहायची आणि तुम्ही तिच्याकडे अगदी सभ्यपणे बघायचात, ओळख नसलेल्या बाईकडे बघतात तसं. आतेला व्हिडिओ कॉल लावला. ती तुमच्या भाषेत हाका मारत होती, पण तुम्हाला त्या काचेत माणूस दिसतच नव्हता बहुतेक. तुम्ही फोनच्या पलीकडे भिंतीकडे बघत होता. आते रडायला लागली. आईने फोन बंद केला.

आणि ती फिलिपिनो नर्स. तुम्ही सकाळपासून एकच शब्द म्हणत होता, चिडून, पलंगाखाली बघत: ‘सपात, सपात.’ मी पाणी दिलं, उशी दिली, पडदा सरकवला. ती आत आली, ऐकलं आणि म्हणाली, ‘मॅम, ही वाँट्स हिज शूज.’ तिच्या भाषेत बुटांना जवळजवळ तसंच म्हणतात. त्यांच्याकडे स्पेनची जहाजं आली होती, तिथून आलेला शब्द. तिने कपाटातून तुमचे बूट काढून पलंगाजवळ ठेवले आणि तुम्ही लगेच शांत झालात. वडिलांना काय पाहिजे ते एका परक्या बाईने मला सांगितलं, आणि तेही कुठल्या वाटेने तिच्यापर्यंत आलं बघा. नाहीतर हे मी किती रंगवून सांगितलं असतं बसमध्ये! त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शेवटचं बोललात ते माझ्याशी. दुपारचे तीन वाजले होते. आई घरी आंघोळीला गेली होती, माझा फोन कोपऱ्यात चार्जिंगला होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा खरंच माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे. आणि काहीतरी म्हणालात. चार-पाच शब्द, शेवटी आवाज वर गेलेला.

मी म्हटलं, ‘हो पप्पा.’

तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. जरा सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं.

‘हो पप्पा, हो. सगळं ठीक आहे.’

पाच वेळा म्हणालात, पप्पा. मी मोजलं. पाचही वेळा मी हो म्हटलं. मग तुम्ही थकलात, थोडं हसलात आणि डोळे मिटलेत. फोन चार पावलांवर होता. उठून आणला असता तर आते भेटली असती, रेकॉर्ड तरी झालं असतं. मला वाटलं, संध्याकाळी पुन्हा बोलतील. तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. दोन दिवसांनी सकाळी गेलात.

तेव्हापासून ते शब्द माझ्या कानात आहेत. पेट्रोल पंपावर, विमानात, तुमच्या कागदपत्रांवर सही करताना. अर्थ नाही, नुसता आवाज, पण एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. इथे मी ते लिहीत नाही. देवनागरीत लिहिले की ते निराळेच दिसतात, तुमचे वाटत नाहीत.

मुंबईहून ॲम्ब्युलन्सने तुम्हाला गावी आणलं. मिस्सा मराठीत झाली, फादर चांगलं बोलले. मातीही दिली. मग घरी बायका जमल्या, चहा झाला आणि हळूहळू सगळ्या त्यांच्या भाषेत शिरल्या. पोरं अंगणात त्याच भाषेत भांडत होती. पाच वर्षांची पोरगी त्यात आजीशी उद्धटपणा करत होती आणि आजी तिला त्यातच रागावत होती. मी खाटेवर बसून होते. एवढ्या घरभर तुमचा आवाज होता आणि मला त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आते खळ्यावर सुकत घातलेल्या मांदेली उलटवत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. म्हटलं, ‘आते, पप्पा शेवटी एक बोलले होते. मला कळलं नाही. मी म्हणून दाखवू?’

तिने हात पुसले. मी म्हटलं, जसं ऐकलं तसं.

ती जवळ सरकली. ‘परत म्हण.’

मी परत म्हटलं.

‘बस्त्याव असंच म्हणाला? तुझ्याकडे बघून?’ पासपोर्टवर तुम्ही सेबॅस्टियन. बस्त्याव म्हणणारी आता ती एकटीच उरलीय.

‘हो. पाच वेळा.’

आतेने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, ‘पोरी, तू कुणाची? असं विचारत होता तो.’

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. ती म्हणाली, नाही, तेच आहे. ‘आमच्यात विचारतात तसं. वाटेत कुणाचंही पोर दिसलं, चेहरा ओळखीचा वाटला, की म्हातारी माणसं विचारतात. प्रेमानेच विचारतात गं. वाईट नको वाटून घेऊ.’

‘मी हो म्हणत राहिले, आते.’

‘तुला कुठे कळत होतं?’

‘काय उत्तर देतात?’

‘बापाचं नाव सांगायचं,’ ती म्हणाली. ‘अजून काय?’

तुमच्याच नावाने उत्तर द्यायचं होतं, पप्पा. बस्त्यावची. तुम्हाला माझा चेहरा ओळखीचा वाटला होता आणि नाव हवं होतं, एवढंच. ते एक नाव तर मला येत होतं. त्याला भाषा लागली नसती.

आते मासे उलटवत राहिली. मी तिला गाडीतलं सगळं सांगितलं, गळ्यातला पट्टा, गुलामांची भाषा, सगळं. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, ‘रेवदंड्याच्या शाळेत त्याला पोरं फिरंगी म्हणायची. चिखल मारायची. त्याने तेव्हाच सांगितलं होतं मला, माझ्या पोरांना ही भाषा देणार नाही, त्यांना कुणी फिरंगी म्हणायला नको.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू काय नवीन बोललीस?’

तुमच्याशी माझा वाद अजून संपलेला नाही. नाक-कान कापल्याचं मी सांगतच राहणार आहे, तुम्हीही तेच म्हणाला होता. जाळलेल्या गलबतांतल्या माणसांचीही कुणीतरी आई होती, तीही मासे सुकवत असेल. हे मी तुम्हाला त्या दिवशी म्हणायला हवं होतं, तुमच्या आईच्या भाषेबद्दल वेडंवाकडं बोलण्यापेक्षा. तुम्ही काय म्हणाला असतात? मला खरंच ऐकायचंय. घरी आलो की बोलतो, म्हणाला होतात.

निघायच्या दिवशी आते मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, ‘आते, मला शिकवशील? फोनवर, शुक्रवारी.’

‘शिकवीन की. पण तुला अगदीच नवी नाही ती.’

‘म्हणजे?’

‘तुझा जन्म इथला ना. आई तुझी बाळंतपणाला आली होती, तिचा ओळखीचा डॉक्टर रेवदंड्याला होता म्हणून इथेच राहिली. बस्त्याव दोन महिने रजा काढून आलेला. विमानाला जायच्या दिवसापर्यंत तो तुझ्याशी आमच्याच भाषेत बोलायचा. सकाळी तुझी आई उन्हात बसायची, तेव्हा तुला घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि बोलत बसायचा. तास तास. त्या तान्ह्या पोरीशी काय एवढं बोलतो, म्हणून आम्ही हसायचो.’

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी दार उघडं धरून उभी राहिले.

‘काय बोलायचे, आते?’

‘ते मला काय माहीत?’ आते म्हणाली. ‘दार लोटून घ्यायचा तो.’